पासिंगचे टायर

नाकाडोंगरी,
९ फेब्रुवारी २०२५

ताई, शालूचा वाकून नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण आमच्या घरात रेंज येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून ओरडावं लागतं, आणि तिथे ओरडलेलं सगळ्या गावाला फुकटात ऐकू जातं. मला जे सांगायचं आहे ते गावाने ऐकण्यासारखं नाही. तुमच्या भावाने तर मुळीच ऐकू नये.

परवा हे तुमच्याकडून परत आले ते शीळ घालतच. व्हॅनचं पासिंग झालं. तुम्ही बांधून दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे राखीने एकटीने फस्त केले, आजीला एकच दिला. मीही खुशीत होते. सरकारच्या माणसाने गाडी तपासली, ठीक म्हणून शिक्का मारला, आता पुढच्या पासिंगपर्यंत डोक्याला ताप नाही, असं मला वाटलं.

काल बादली घेऊन गाडी धुवायला गेले. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरवरून फडकं फिरवलं तर बोटाला काही टोचलं. तार होती ताई. टायरच्या पोटातली तार बाहेर आली होती. बाकीच्या तिन्ही टायरवर खाच म्हणून राहिलेली नाही, नुसते गुळगुळीत गोटा झालेत. मी यांना विचारलं, असे टायर पाहून साहेबाने गाडी पास कशी केली? तर हे हसायला लागले.

"हे टायर साहेबानं पायलेच नाय. ताईच्या घरचे लावून नेली होती गाडी. काम झालं, काढून ठेवले. सगळेच करतात, तू कायले घाबरून राहिली?"

म्हणजे साहेबाने पाहिली ती गाडी वेगळी, आणि माझी राखी रोज सकाळी जिच्यात बसते ती वेगळी. एकटी राखी नाही, गावातली सगळी शाळकरी पोरं त्याच गाडीने तुमसरला जातात. आमचा रस्ता तुम्ही पाहिला आहे. खाणीच्या ट्रकांतून पडलेले काळे दगड सगळीकडे विखुरलेले असतात आणि त्यांना धार असते. गाडी गेली की ती परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. भाजीत दोनदा मीठ पडतं.

हे माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. एकदा सांगून पाहा ना, नवीन टायर घ्या म्हणून. माझं नाव मात्र घेऊ नका.

तुमची,
शालू


अड्याळ,
१७ फेब्रुवारी २०२५

शालू, तुला आणि राखीला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आधी मी घाबरले, मग वाचून हसले, मग थोडा रागही आला. अगं, पासिंगच्या टायरांची गोष्ट तुला आता कळली? तुझ्या लग्नाच्या आधीपासून ते चार टायर आमच्या गुरांच्या कोठ्यात आहेत. तुझ्या भाऊजींनी आपली जुनी व्हॅन विकली तेव्हा नवीन घेतलेले टायर तेवढे काढून ठेवले होते. तेव्हापासून आपल्या सगळ्या नातलगांच्या गाड्या त्यांच्यावरच पास होतात. तुझ्या गावचा भोजराज, सिहोऱ्याचा जागेश्वर, कोण कोण येऊन गेलं. भंडाऱ्याला जायचं, यायचं, टायर काढून धुऊन ठेवायचे. एवढ्या वर्षांत एकाही गाडीला साहेबाने नाही म्हटलेलं नाही.

आणि टायर म्हणजे कसे! बैल बांधल्यासारखे मी त्यांना सावलीत ठेवते. महिन्याकाठी जवसाच्या तेलाचा हात फिरवते. दसऱ्याला झेंडूची फुलं वाहते. कोणी पाहिलं तर म्हणेल, आजच दुकानातून आणले. तुझे भाऊजी चिडवतात, "पोराईले लावलं नाय एवढं तेल या टायराईले लावते." पण ठेवलेली वस्तू निगा राखली तरच टिकते.

तू म्हणतेस, कमलेशला सांगा. सांगेन. पण तूच विचार कर, नवऱ्याच्या धंद्यात बायकोने रोज नाक खुपसलं तर तो तरी काय करेल? लहानपणापासून ओळखते मी त्याला. टोचलं की तो उलटा चालतो. गाडीला लिंबू-मिरची बांध आणि राखीला मधल्या सीटवर बसव. रस्त्यावर सगळ्यांचेच टायर तसे असतात.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. भाऊबीजेला कमलेशला दिवाळीच्या पाहुण्यांचं भाडं असतं, राखीपौर्णिमेला धानाची रोवणी लांबलेली असते. वर्षात एकदा तो नक्की माझ्या दारात येतो तो पासिंगच्या आदल्या दिवशी. रात्री जेवतो, आईच्या गोष्टी सांगतो, सकाळी जातो. त्याने स्वतःचे नवे टायर घेतले तर त्याला अड्याळची वाट कशाला आठवेल?

आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझी,
शकुनताई


नाकाडोंगरी,
११ मार्च २०२५

ताई,

आज नमस्कार नंतर. शनिवारी टायर फुटला.

सकाळची शाळा होती. जंगलाचं वळण संपतं तिथे, ज्या टायरची तार मी पाहिली होती तोच. राखी सांगते, फटाका वाजला आणि मग बाबा ओरडले. गाडी रस्ता सोडून खाली धानाच्या बांधीत गेली आणि धुऱ्याच्या मातीला अडकली. धुरा नसता तर पुढे मोठा खड्डा आहे. पोरं एकमेकांवर पडली. राखीच्या कपाळाला टेंगूळ आलं, एका मुलीचा ओठ फाटला. एवढ्यावर निभावलं. सगळे म्हणतात, देव पावला.

पण देव रोज पावेल का ताई?

लिंबू-मिरची बांधलेली होती. मी स्वतः बांधली होती.

तेव्हापासून राखी गाडीत बसताना माझ्या पदराचं टोक सोडत नाही. मी सोडवते आणि गाडी वळेपर्यंत हसून हात हलवते. दुपारी येण्याची वेळ झाली की आधीच रस्त्यावर जाऊन उभी राहते. लांबून कुठे ट्रॅक्टरचा आवाज झाला तरी चार पावलं पुढे धावते. आई माझ्याकडे पाहतात. त्यांनाही तीच भीती आहे, फक्त त्या जप करतात.

यांनी काय केलं? फुटलेल्या जागी जुनाच एक रबर चढवलेला टायर आणून बसवला. बाकीचे तीन तसेच आहेत. मी म्हटलं, चारही बदला. तर म्हणाले, "लग्नसराई निघू दे, मग पाहू." लोक काही मूर्ख नाहीत. दोन घरांनी आपली पोरं आमच्या गाडीतून काढली, बाकीचेही काढतील असं दिसतं. त्याचा राग हे माझ्यावर काढतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला एवढंच हवं आहे की माझी पोर सकाळी गेली तशी दुपारी परत यावी.

तुम्ही चिडू नका. पण मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की रस्त्यावर सगळ्यांचेच टायर तसे असतात. ते वाक्य सारखं आठवतं आणि जास्तच भीती वाटते.

शालू


अड्याळ,
१८ मार्च २०२५

माझी गुणाची शालू,

तुझं पत्र तुझ्या भाऊजींनी मोठ्याने वाचलं, कारण माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं थरथरत होती. राखीच्या कपाळावर हळद लावली का? तिला म्हणावं, आत्याने तिच्यासाठी चिंच-गुळाच्या गोळ्या ठेवल्या आहेत.

मी तुला नाही नाही ते लिहिलं. ते सगळं सोडून दे. आता मी काय केलं ते ऐक.

भाऊजी मिरचीची पोती घेऊन तुमसरच्या बाजाराला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. कोठ्यातले चारही टायर बाहेर काढले, पुसले, शेवटचा तेलाचा हात फिरवला आणि पोत्यांवर चढवले. भाऊजी म्हणाले, "पुढल्या महिन्यात जागेश्वरचं पासिंग हाय, त्याले काय सांगशील?" मी म्हटलं, "त्याले म्हना, शकुन मेली." बाजारात कमलेशला बोलावून त्यांनी टायर त्याच्या हातात दिले. त्याला बजावून सांगितलं, "हे आता वापस नाय आनायचे. ताईनं राखीसाठी देल्ले. आजच लावजो."

ते टायर नव्यासारखे आहेत शालू. भंडाऱ्याला जाण्यायेण्यापलीकडे ते चाललेच नाहीत. खाचा पाहशील तर तुझा जीव भांड्यात पडेल. तुझ्या घराला मी यापेक्षा चांगलं काही देऊ शकत नाही.

कोठ्याचा कोपरा रिकामा झाला आहे. सकाळी शेण काढायला गेले तर उगाच रडू आलं. आता पासिंगला कमलेश येणार नाही. न येवो. तो आणि पोर तिकडे सुखरूप असली म्हणजे मला बाकी काही नको. टायर लावले की लगेच एक ओळ टाक. तोवर मला झोप लागायची नाही.

तुझी,
शकुनताई


नाकाडोंगरी,
१ एप्रिल २०२५

ताई, नमस्कार.

पाडवा परवाच झाला, आज लिहायला सवड मिळाली. तुम्ही वाट पाहत असाल म्हणून आधी तेच सांगते. तुमचे टायर आमच्या गाडीला लागलेले नाहीत. ते मी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. यांना विचारलं तर म्हणतात, "ठेवले हायेत. चांगले टायर रोजच्या खडीत झिजवायचे का?" मी म्हटलं, मग कशासाठी ठेवायचे, पूजेला? तर ताट बाजूला सारून उठून गेले. तुमच्या घरी ते टायर एवढी वर्षं जपून राहिले ना, म्हणून यांच्याही डोक्यात तेच बसलं आहे. चांगली वस्तू ठेवायची असते, वापरायची नसते.

पण आता माझी चिंता मिटली आहे, कारण मी माझ्यापुरता मार्ग काढला. राखीला भोजराजच्या व्हॅनमध्ये बसवायला लागले.

झालं असं की एकेक करून सगळ्याच घरांनी पोरं त्याच्याकडे वळवली. मीही मन घट्ट केलं आणि यांना स्पष्ट सांगितलं. वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. सख्ख्या बापाची गाडी असताना पोरीने दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हणजे गावात नाचक्कीच. पण हे अंगणात जाऊन बसले आणि म्हणाले, "बसव. भोजराज सांभाळून चालवते." एवढंच. त्या दिवशी मला यांची दया आली.

आणि ताई, मी आंधळेपणाने नाही बसवलं. आधी भोजराजच्या गाडीचे टायर जाऊन पाहिले. त्याचं नुकतंच पासिंग झालं आहे. पुढचे दोन्ही टायर काळेभोर, चकचकीत, तेल लावल्यासारखे. खाचेत बोट घातलं तर अर्धं पेर आत गेलं. बाजूला बारीक बारीक रेघा आहेत, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. पण त्याने काय होतं? खाचा तर खोल आहेत. मी भोजराजला म्हटलं, भाऊ, अशीच गाडी ठेवा. तो नुसता हसला.

राखी आता पुढे खिडकीशी बसते, तिच्या मैत्रिणीशेजारी. पदर धरत नाही. शुक्रवारी मी दुपारी रस्त्यावर गेलेच नाही. घरात बसून मोहफुलं निवडली, आणि गाडी येऊन कधी थांबली ते कळलंही नाही. किती दिवसांनी असं झालं!

तुमच्या टायरांचं मात्र यांना तुम्हीच विचारा.

तुमची,
शालू


अड्याळ,
८ एप्रिल २०२५

शालू,

हे पत्र भाऊजी घेऊन येत आहेत. फोन लावून लावून बोट दुखलं. फोनमधली बाई एकच सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. भोजराजचाही लागत नाही. म्हणून हे पहाटेच्या गाडीने निघत आहेत. तुझे भाऊजी धड दोन वाक्यं बोलत नाहीत, म्हणून लिहून देते. उभ्या उभ्या वाच.

राखीला भोजराजच्या गाडीत बसू देऊ नकोस.

काल बचत गटाच्या बैठकीत आरटीओतल्या एक बाई आल्या होत्या, गाड्यांच्या सुरक्षेविषयी सांगायला. त्या म्हणाल्या, खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा असतो, रबर झिजून त्याच्याबरोबर आलं की टायर कायद्याने बाद. ते आपल्याला ठाऊकच होतं. पण पुढे म्हणाल्या, खाचा खोल आहेत म्हणून टायर चांगला असं समजू नका. टायरला वय असतं. पाच-सहा वर्षांनंतर तो न चालवताही आतून मरतो, वरून नवा दिसतो. आणि त्याला तेल तर कधी लावू नये. तेलाने रबर सडतं. नुसत्या पाण्याने धुवावं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्या गाडीत पाऊल ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच.

मी भिंतीला टेकून बसले. बाजूची बाई म्हणाली, "काहून वो शकुनबाई, चक्कर येऊन राहिली का?"

टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात म्हणे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या लेकीने, प्रतीक्षाने, दसऱ्याला पूजेचा फोटो काढला होता. घरी येऊन तिने तो मोबाइलवर मोठा केला. झेंडूच्या फुलाशेजारी आकडे स्पष्ट दिसतात. ३४१४. दोन हजार चौदा साल. आणि त्यावर मी महिन्यामहिन्याला तेल ओतत राहिले.

आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं. चकचकीत, तेल लावल्यासारखे, बाजूला रेघा. भोजराजने नवीन टायर कुठून आणले असतील? त्याची गाडी दरवेळी आमच्याच टायरवर पास होते. कमलेशला विचार. त्या टायरांना नाक लावून पाहा, जवसाचा वास येईल.

ते माझेच आहेत शालू. पोरीला त्या गाडीतून उतरव.

शकुन


नाकाडोंगरी,
११ एप्रिल २०२५

ताई,

राखी घरी आहे. हे आधी लिहिते. आता बाकीचं वाचा.

भाऊजी आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. वादळाने टॉवरची वीज गेली होती, म्हणून फोन बंद. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही, पत्र पुढे केलं. मी उंबऱ्यातच वाचलं. हे खाटेवर पडले होते. मी यांना हलवलं आणि विचारलं, भोजराजच्या गाडीला कोणते टायर आहेत? हे उठून बसले. तोंडाकडे पाहूनच मला कळलं.

"ताईचेच देल्ले," हे म्हणाले. "त्याचं पासिंग होतं. आन् तू म्हनली, राखी त्याच्या गाडीत बसन. मंग मीच त्याले म्हटलं, वापस नको करू, राहू दे. माझी पोरगी बसते त्या गाडीले चांगले टायर पायजेत का नाय?"

स्वतःच्या गाडीला लावले नाहीत, माझ्याशी भांडले, आणि राखी जिथे बसते तिथे गुपचूप नेऊन लावले. तुम्ही तेच केलंत, मीही तेच केलं. तिघांनी मिळून पोरीला त्या टायरांवर नेऊन बसवलं ताई, आणि तिघांनाही वाटलं की आता ती वाचली.

शाळा सुटायची वेळ झाली होती. आम्ही आमच्याच गाडीत बसलो, गोटा टायरच्या. दुसरी होती कुठे? हे चालवत होते, भाऊजी मागे, मी पुढे. डांबर वितळून चाकांना चिकटत होतं. प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, आता आपलाच टायर फुटतो आणि मग त्या गाडीला थांबवायला कोणी उरत नाही. मी यांना एकदा म्हटलं, हळू. लगेच म्हटलं, लवकर. हे खड्डे चुकवत गाडी दामटत होते.

प्रत्येक वळणाला मी आधी रस्त्याकडे नाही, खालच्या बांध्यांकडे पाहत होते. पांढरी गाडी कुठे पडलेली दिसते का ते. असं आईने आपल्या पोरीला शोधू नये.

जंगलाच्या वळणाअलीकडे समोरून गाडी आली. चांगली वेगात होती. यांनी आमची व्हॅन रस्त्यात आडवी घातली आणि उतरून दोन्ही हात वर केले. भोजराज शिव्या देत थांबला. पुढच्या खिडकीत राखी होती. मला पाहून तिने हात हलवला.

पोरांना एकेक करून उतरवलं आणि मोहाच्या झाडाखाली बसवलं. मग मी टायरापाशी वाकले. हात लावला तर चटका बसला. बाजूच्या रेघांत आता नख जात होतं. राखी बसत होती त्या बाजूच्या टायरला आतून गळू आल्यासारखा फुगवटा आला होता. वास घ्यायची गरज पडली नाही. जवसाचा वास उन्हात उभ्या उभ्याच येत होता. भोजराजने तो फुगवटा पाहिला आणि शिव्या थांबवल्या. पोरं मागून आलेल्या एसटीत बसवून गावाकडे पाठवली.

पण ताई, तुम्ही लक्ष देऊन वाचलं असेल तर कळलं असेल, मी तुम्हाला पुढच्या दोनच टायरांविषयी लिहिलं होतं. मागचे दोन भोजराजचे जुनेच होते. यांनी विचारलं, "बाकीचे दोन कोठी हायेत?" भोजराज म्हणाला, "नत्थूले देल्ले. त्याचं पासिंग होतं. सकाळीच वऱ्हाड घेऊन गेला कटंगीकडे."

नत्थू गावातलाच, वऱ्हाडाची भाडी करतो, पण त्याला फोन लागत नव्हता. हे त्याच्या मागे निघाले. मी गाडीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, या टायरवर आता तुम्ही कुठेही जाणार नाही. हे म्हणाले, "मंग कोन जाईन?" भाऊजींनी रस्त्याने जाणाऱ्या एकाची मोटरसायकल मागून घेतली आणि दोघं तिच्यावर गेले.

नत्थूची गाडी त्यांना वाटेतच सापडली. ती एका बाजूवर पडली होती आणि माणसं काचा वेचत होती. टायर मागचा फुटला. नत्थूचा पाय मोडला. नवरदेवाची धाकटी बहीण, रीना नाव तिचं, मागे कडेला बसली होती. तिला नागपूरला नेलं आहे. अजून तिने डोळे उघडलेले नाहीत. हे तिथून आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. आमची व्हॅन यांनी विटांवर चढवली आणि चारही चाकं काढली. नवीन टायर येईपर्यंत ती तशीच राहील.

राखी आता शाळेत एसटीने जाते. मी पुन्हा रस्त्यावर जाऊन उभी राहायला लागले आहे. माझी पोर वाचली हे म्हणायचीही लाज वाटते. तरी ते मनात रोज येतं.

शालू


अड्याळ,
२१ एप्रिल २०२५

शालू,

भोजराजच्या गाडीचे दोन टायर आणि नत्थूकडचा न फुटलेला एक, असे तीन भाऊजींनी परत आणले. मी ते कुऱ्हाडीने तोडायला घेतले. वाटलं होतं, कष्ट पडतील. तेल खाल्लेलं रबर वाळल्या भाकरीसारखं तुटत गेलं. एवढ्यावर आपण पोरं बसवत होतो. तोडताना रडत होते आणि भीतीही वाटत होती, की कोणी येईल आणि म्हणेल, थांबा, मला एकदा नेऊ द्या.

रीनासाठी मी रोज देवापुढे बसते. तिची आई मला ओळखत नाही. ओळखत नाही तेच बरं असं मनात येतं, आणि मग स्वतःचीच किळस येते. कमलेशला सांग, बोलत जा म्हणावं. मनात कोंडून ठेवू नये. नवीन टायर घेताना त्यावरचे चार आकडे त्याने स्वतः वाचावेत, दुकानदार म्हणेल त्यावर जाऊ नये. गाडीला जे माप लिहिलं आहे तेच घ्यावं. आणि हवा सकाळी, चाकं थंड असताना पाहत जावी. हे सगळं मी त्या आरटीओच्या बाईंकडे पुन्हा जाऊन विचारून आले.

हे पत्र खरं तर कालच टाकणार होते. पण पाकीट बंद करताना सिहोऱ्याहून जागेश्वरचा फोन आला. तो नत्थूला दवाखान्यात भेटून बाहेर पडला होता आणि तिथूनच बोलत होता. नत्थूच्या पायात सळई घातली, किती दुखतं, सगळं सांगितलं. रीनाचंही सांगितलं, फार हळहळला. मग म्हणाला, "ताई, येत्या गुरुवारी माझं पासिंग हाय. बुधवारी संध्याकाळी येऊ का टायर न्यायले?"

मी म्हटलं, "जागेश्वर, त्याच टायरानं नत्थूची गाडी पडली. मी तोडून टाकले ते."

तो म्हणाला, "हो का? नत्थूचं नशीबच खराब." आणि मग अगदी सहज विचारलं, "मंग दुसऱ्या कोनाकडं हायेत काय?"

मी फोन ठेवला. आज सकाळपासून चार गाड्या अंगणाजवळून गेल्या, दोन शाळेच्या होत्या. मी प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून दारात गेले.

तुझी,
शकुनताई